पाठकोऱ्या कागदांचं दालन

माणूस जातो, त्याचं कार्य मागे उरतं. मधू, तुझ्या शोकसभेत हे वाक्य इतक्या वक्त्यांनी म्हटलं की शेवटी शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. घरी येऊन हातपाय धुतल्यावर लक्षात आलं, की तुझ्या बाबतीत नेमकं उलटं झालेलं आहे. कार्य आधी गेलं. तू बराच काळ मागे उरला होतास.

टीव्ही केंद्रात टेपांची कायमची टंचाई, हे मला तुझ्याकडूनच कळलं. कार्यक्रम दाखवून झाला की टेप परत भांडारात जायची आणि तिच्यावर दुसरं काहीतरी चढायचं. एक्याऐंशी साली तू निर्माता म्हणून मुंबईला रुजू झालास तेव्हा तुझ्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यानंतर तू जे जे केलंस, ते गायक, ते वादक, खेड्यापाड्यांतून शोधून आणलेली ती माणसं, त्यातलं बहुतेक आता कपाशीवरच्या बोंडअळीखाली आणि कुणाकुणाच्या स्वागतसमारंभांखाली गाडलेलं आहे. "फळा पुसत्यात तसं पुसत्यात," तू म्हणाला होतास. "मास्तरला कुठं वाईट वाटतं?" मी जन्मभर कॉलेजात फळे पुसले, मधू. मला वाटायचं.

उरले ते कागद. निवृत्त होऊन तू जालन्याला परत आलास तेव्हा टेम्पोतून तीन पत्र्याच्या पेट्या उतरल्या. समोरच्या बायकांना वाटलं मुंबईच्या साड्या आल्या. सुमनवहिनींनी कुलूप काढून दाखवलं तेव्हा त्या बायकांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसली, तितका प्रामाणिक अभिप्राय तुझ्या कामाला नंतर कुणी दिला नाही. आत कागदच कागद. कॅमेरा कुठे, माइक कुठे, कोण किती वेळ गाणार, पाहुण्यांची गाडी कधी येणार. पुढच्या बाजूला टाइप केलेलं सगळं, वर केंद्राचा शिक्का. आणि कागद उलटला की तुझ्या निळ्या शाईतलं सारेगम.

कोरा कागद तू कधी वापरलाच नाहीस. ही सवय बापूमास्तरांची. तुझ्या वडिलांची बँड कंपनी होती, आणि बँडवाल्याच्या घरी लग्नपत्रिकांना तोटा नसतो. प्रत्येक सुपारीबरोबर एक पत्रिका यायची. बापूमास्तर तिच्या मागच्या बाजूला त्या लग्नात काय काय वाजवायचं ते लिहायचे. तुझ्या शाळेची गणितंसुद्धा कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर सुटली. मुंबईत तुला कोरे कागद हवे तितके मिळत होते. पण तू म्हणायचास, "कोरा कागद पाह्यला की साहेबासमोर उभं राह्यल्यासारखं होतं. पाठकोरा असला की बराबर सुचतं. म्होरं काय चाल्लंय त्याच्याशी आपलं घेणं न्हाई."

आपली ओळख कशी झाली, ते तुझ्या शोकसभेत कुणी विचारलं नाही, त्यामुळे मला सांगता आलं नाही. माझे वडील गेले त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून एक वरात निघाली होती. लांबून बँडचा आवाज येत होता आणि घरातल्या बायका कानावर पदर ओढून बसल्या होत्या. वरात आमच्या कोपऱ्यावर आली आणि बँड थांबला. वाजायचा थांबला, चालायचा नाही. मी खिडकीत उभा होतो. खाली फक्त बूट वाजत होते, एका ठेक्यात, डावा उजवा डावा उजवा. घोड्यावरच्या नवऱ्यामुलाने मान खाली घातली होती. पलीकडच्या वळणावर गेल्यावर पुन्हा सगळं सुरू झालं, अगदी जिथे सोडलं होतं तिथून. दुसऱ्या दिवशी कॉलेजात क्लॅरिनेटवाला पोरगा माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "काल तुमच्या दारात गप होतो आम्ही." सांत्वन म्हणून मला तेवढंच आठवतं. बाकीचे लोक खूप बोलले होते.

आता तुझं आणि माझं ते अर्धवट भांडण. मुंबईच्या एका पेपरात तुझ्यावर लेख आला. त्यात तुझ्या घराण्यात क्लॅरिनेटची परंपरा असल्याचं छापलं होतं. मी कार्ड टाकलं, की तुझं घराणं मी पाहिलेलं आहे, ते मोंढ्यातून गांधी चमनकडे चालत जायचं आणि त्याच्या मागे घोडा असायचा. तू उत्तर पाठवलं नाहीस. दिवाळीला आलास तेव्हा मी पुन्हा तेच काढलं, बँडवाल्याचा पोरगा आहे म्हणायला लाज कसली. तू शांतपणे चिवडा खात म्हणालास, "प्राध्यापक, तुला गरिबी वाचायला आवडती. मला ती घालावी लागली. लाल कापडाची, सोनेरी झालरीची. मे महिन्यात लई चावती ती."

याच्यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी ते पुढच्या भेटीसाठी राखून ठेवलं होतं, आणि पुढच्या भेटीत विसरलो. आता आठवलंय, पण ते तितकंसं चांगलं नव्हतं.

लाज वाटत असती तर तू बापूमास्तरांना स्टुडिओत नेलं नसतंस, हेही खरं. अख्खा बँड मुंबईला नेलास. मला सुट्टी होती म्हणून मीही गेलो होतो. बापूमास्तरांच्या स्वतःच्या बांधलेल्या काही धुना होत्या. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो तेव्हाची एक, रुखवताची एक, वरात चौकात वळते तेव्हाची, मुलगी सासरी निघते तेव्हाची. बाकी सगळे बँड सिनेमाची गाणी वाजवायचे, हेही वाजवायचे, पण या धुना फक्त त्यांच्या. तुला त्या नोंदवून ठेवायच्या होत्या.

स्टुडिओत खुर्च्या मांडल्या होत्या. बापूमास्तर बसले, क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि खाली ठेवलं.

"काय झालं बाबा?"

"मधू, बसून मला फक्त जेवता येतं."

तू समजावलंस. पाय हलल्याशिवाय फुंक येत न्हाई, यावर ते अडून बसले. मग खुर्च्या हलवल्या आणि बँड स्टुडिओत गोल चालायला लागला. ती वायरी सांभाळणारी माणसं, त्यांचे ते चेहरे! ढोलवाल्याचा पाय वायरीत अडकला, कॅमेरावाला "कट कट" ओरडत राहिला आणि बापूमास्तर समोर दार उघडं दिसलं म्हणून वाजवत बाहेर पडले. मागोमाग सगळा बँड. बाहेरच्या लांब बोळात त्यांनी ती सासरी निघाल्याची धून वाजवली. केंद्रातले कारकून दारात येऊन उभे राहिले. एक टायपिस्ट बाई रडायला लागली. मला संगीतातलं कळत नाही, पण त्या दिवशी बोळात काय झालं ते कळलं. माइक आत राहिला होता.

नंतर जागच्या जागी पाय हलवून जे वाजलं ते तू टेपवर घेतलंस. कार्यक्रम एकदा दाखवला गेला. जालन्याला तेव्हा दिल्लीचं दिसायचं, मुंबईचं दिसायचं नाही. म्हणजे बापूमास्तरांनी स्वतःला पाहिलंच नाही. दर दिवाळीला ते विचारायचे, "माझी टेप कवा दावतो रे?" आणि तू म्हणायचास, "दावू बाबा. आणतो एकदा." टेप तोवर पुसली गेली होती. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. बापूमास्तरांना माहीत होतं का, यावरही आपलं कधी बोलणं झालं नाही. मला वाटतं, माहीत होतं. कारण ते 'आण' असं कधी म्हणाले नाहीत, फक्त 'कवा' एवढंच विचारत राहिले.

टेप गेल्याचं कळल्यावर तू रजा काढून आलास आणि त्यांना अंगणात चालवत चालवत सगळ्या धुना लिहून घेतल्यास. कागद कुठले? त्याच कार्यक्रमाच्या उरलेल्या प्रती. पुढे 'वादक: बापूमास्तर आणि संच, तीन कॅमेरे', मागे प्रत्यक्ष बापूमास्तर. स्वरांच्या खाली तू पावलं लिहिलीस, डा, उ, डा, उ. मी म्हणालो, हे कसलं नोटेशन? तू म्हणालास, "आमचं अस्संच." एका कागदावर नुसतीच पावलं होती, वर एकही स्वर नाही. मला वाटलं अर्धवट राहिलाय.

"पूर्ण हाय तो," तू म्हणालास. "मयताचं घर."

बापूमास्तर गेले, बँड मोडला. ट्रम्पेटवाला आणि ढोलवाला एमआयडीसीत सळया ओढायला लागले. इतरांच्या पोरांनी लाऊडस्पीकरच्या गाड्या घेतल्या. तू परत आलास तेव्हा तुझ्या छातीत दम उरला नव्हता. क्लॅरिनेट उशाशी होतं, वाजवता येत नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर बसून तू त्या धुना गुणगुणायचास आणि पायाने ठेका धरायचास, खोकला आला की पाय तेवढा चालू ठेवायचास. मी झेरॉक्स काढून ठेवू म्हणालो तर नको म्हणालास. "झेरॉक्स काढली की माणूस वाचत न्हाई, ठिवून देतो."

आणि मग ते. दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी तू माझं मनगट धरलंस. तुला असलं नाटकी काही आवडायचं नाही, म्हणून मला भीती वाटली. "प्राध्यापक, ह्ये कागद कुठं ठिवायचे ते बघत बसू नको. कोण वाजवंल त्ये बघ. एक डाव. जुन्या जालन्यातून पुलावरून नव्या जालन्यात. चालत. बसून न्हाई."

मी हो म्हणालो. एवढंच माझ्याकडे सोपवलेलं काम.

तुझ्या शोकसभेतच स्मृतिसमिती जाहीर झाली. अध्यक्ष भाऊसाहेब, ते बियाण्याच्या कारखान्याचे. भला माणूस आहे. बियाण्याला लावायच्या औषधाने त्यांच्या बोटांची नखं कायमची गुलाबी झालेली असतात आणि त्याच हातांनी ते गावातल्या प्रत्येक मयताला हार घालतात. तुझ्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, त्याच्या वरच्या खोलीत तुझं स्मृतिदालन करायचं त्यांनी ठरवलं. मला स्मरणिकेच्या कामाला लावलं, म्हणजे मी दुसरं काही करणार नाही. वहिनींनी पेट्या देऊन टाकल्या. "नेऊ द्या भावजी," त्या म्हणाल्या. "हितं वाळवी लागंल. तिथं काच तरी हाय." मी भाऊसाहेबांना बजावलं, की कागदांना मी येईपर्यंत हात लावू नका, आणि वाटूरला लेकीकडे गेलो. तिथे एका शाळेत बँडपथक आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, ते बघायचं होतं. पथक होतं. त्यांना राष्ट्रगीत येत होतं.

चार दिवसांनी परत आलो तर दालन तयार. प्लायवूडच्या मोठ्या पाट्या भिंतीला टांगलेल्या आणि त्यांच्यावर तुझे कागद. चिकटवलेले. पांढऱ्या डिंकाने, चारी कोपरे नीट दाबून, शिक्क्याची बाजू वर.

मी खाली बसलो. भाऊसाहेबांनी पाणी मागवलं. त्यांना वाटलं मी भारावलो.

"भाऊसाहेब, मागच्या बाजूला लिहिलेलं होतं."

"व्हतं ना. पाह्यलं आम्ही."

"मग?"

"सर, मागं ते बँडचं काय काय व्हतं. डा उ डा उ. पोरायला वाटलं रफ हाय. आन् म्होरं बघा की, शिक्का हाय, सही हाय, इंग्रजीत हाय." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आन् एक सांगू का? एवढा मोठा माणूस. त्याचं बँडबिंड आता कशाला काढायचं? तुमीच इचार करा."

दुष्टपणा असता तर बरं झालं असतं. चिडायला काहीतरी मिळालं असतं. ते तुझी अब्रू झाकत होते, मधू, आणि अगदी मनापासून. तुझ्यावरच्या त्या जुन्या लेखातही हेच केलेलं होतं आणि तेव्हा तू काही बोलला नव्हतास. आपलं भांडण तिथे, त्या खोलीत, एका अर्थाने निकालात निघालं. मी जिंकलो. मला ते जिंकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब कारखान्यात असताना वहिनी आणि मी एक पाटी उतरवली. त्यांनी घरून ओलं फडकं आणलं होतं. सासरी निघाल्याच्या धुनेचा कागद आम्ही शोधला, त्याच्या पुढच्या बाजूला कॅमेऱ्यांच्या जागा होत्या त्यावरून. वहिनींनी कडेने फडकं फिरवलं, अगदी हळू, पोराच्या जखमेवरची पट्टी काढतात तसं. डिंक सुटला. कागदही सुटला, आणि त्याच्याबरोबर शाई. वहिनींनी फडकं उघडून पाहिलं. निळं झालं होतं. कागदाच्या मागे काही नव्हतं, एक दोन ठिकाणी 'डा' होता.

"टाइप केलेलं बघा कसं टिकलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "आता बाकीच्यायला हात लावू नका भावजी. हाय तिथं असू द्या. निदान हाय असं म्हन्ता तरी येतंय."

म्हणजे ते आहेत. बापूमास्तरांच्या बाकीच्या धुना आत्ता या क्षणी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आहेत, प्लायवूडकडे तोंड करून. कुणीतरी शहाणा माणूस एखादं औषध घेऊन येईल आणि कागद अलगद सोडवेल, असं मला वाटत नाही. मला पुस्तकी लोकांची सवय आहे. ते पाट्यांवर प्रबंध लिहितील. तुझ्या कामात कॅमेऱ्यांच्या जागांना किती महत्त्व होतं ते सिद्ध होईल.

वहिनींनी ते फडकं धुतलं नाही. कपाटात आहे.

उद्घाटन परवा झालं. तुझ्या घरापासून वाचनालयापर्यंत शोभायात्रा, तुझा फोटो पालखीत. मी पालखीला विरोध केला. भाऊसाहेब म्हणाले खर्चा समिती करून राह्यली, तुमी चिंता करू नका. पुढे बँड पाहिजेच, हेही त्यांनीच ठरवलं. तुझं बँडशी नातं लपवणाऱ्या समितीने तुझ्यासाठी बँड सांगितला, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. बँड जाफराबादकडचा होता, निळ्या पोशाखातली तरणी पोरं. मालक पंचविशीतला, केसांना तेल, हातात मोबाइल, घाईत. त्याला रात्री दुसरं लग्न होतं.

तुझ्या दारात सगळे उभे राहिले. पाहुणे आले, हार झाले. भाऊसाहेबांनी हात वर केला. बँड वाजेना.

"अरे वाजवा की!"

मालकाने पालखीतल्या फोटोकडे पाहिलं, दारात उभ्या वहिनींकडे पाहिलं. "साहेब, हे गेलेले कवा?"

"झाले थोडे दिवस."

मी म्हणालो, "महिना व्हायचाय."

"मंग कसं वाजवावं?" तो वैतागला. "मला आधी न्हाई का सांगायचं? जयंती हाय म्हन्ले तुमी फोनवर."

"अरे बाबा, हा सत्कार हाय. पाहुणे थांबलेत."

"सत्कार असंल. दार मयताचं हाय. हितं वाजवलं तर आमचा आख्खा सीजन खराब जातो साहेब. बिलकुल न्हाई."

"मग काय नुसतंच चालणार?"

"नुसतंच चालू की. गल्लीभर. म्होरं गल्लीच्या बाहेर म्हन्ला तर वाजवतो."

पण गल्लीच्या बाहेर जायचंच नव्हतं. वाचनालय गल्लीतच आहे.

मालकाने क्लॅरिनेट काखेत धरलं आणि मान हलवली. पोरं चालायला लागली. त्यांना तुझं नाव माहीत नव्हतं, बापूमास्तरांचं तर नव्हतंच. अंधश्रद्धा म्हणा, धंद्याची भीती म्हणा, मला त्याच्यात थोर काही दिसलं नाही आणि मी शोधलंही नाही. बूट वाजत होते. डावा उजवा डावा उजवा. भाऊसाहेब कसनुसे होऊन पालखीमागे चालत होते, त्यांचाही पाय नकळत ठेक्यात पडायला लागला होता. पाहुण्यांनी मोबाइल बंद केला. मी तुझ्या ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. तो एक कागद मला पाठ आहे, मधू. त्यात पाठ करण्यासारखं काही नाही, म्हणून पाठ आहे.

वहिनी दारातून ऐकत होत्या. ठेका वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि थांबला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तुला दिलेला शब्द मी पाळला असं म्हणवत नाही. पूल राहिला, नवं जालना राहिलं, बाकीच्या धुना राहिल्या. एक कागद वाजला. तोही वाजवणाऱ्यांनी चुकून.

स्मरणिका आदल्या दिवशीच छापून आली होती. तिच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे, की कार्यक्रमाची सुरुवात बँडच्या सुमधुर वादनाने झाली आणि उपस्थित मंत्रमुग्ध झाले.